मंडई अंगावर घालायची तर

बाजारावरून सुचलेले कपडे म्हटलं की पहिल्यांदा छापच आठवतो. वांगी छापलेला झगा, मिरचीच्या आकाराचे कानातले, कुडत्यावर हातगाडीचं चित्र. मोठमोठ्या फॅशनघरांनीही हेच केलं आहे. डोल्चे अँड गबानाने २०१२च्या उन्हाळी कपड्यांवर वांगी, ढोबळ्या मिरच्या, कांदे छापले आणि इटलीतला भाजीबाजार कापडावर आणला. मार्च २०१४मध्ये कार्ल लागरफेल्डने पॅरिसच्या ग्राँ पालेमध्ये शनेलसाठी अख्खं सुपरमार्केट उभं केलं आणि मॉडेल मांडण्यांमधून फिरल्या. बघायला मजा आली, पण बाजार तिथे देखाव्यापुरताच होता. त्यातल्या त्यात नेमकं काम मार्क जेकब्सचं. त्याने लुई व्हितॉंसाठी २००७मध्ये चौकड्यांच्या प्लास्टिकच्या पिशवीचा नमुना उचलला. ती पिशवी जगभरचे फिरते विक्रेते आणि गाव सोडून निघालेली माणसं खरोखरच वापरतात.

वस्तू कशासाठी वापरली जाते हे बघून ती उचलायची, एवढी एक गोष्ट धरून ठेवली तर बाजारावरून पेहराव करणं अवघड नाही. बाजारात दिवसभर काम करणाऱ्या माणसाचे कपडे कामानेच घडवलेले असतात. ओझं, ऊन, चिखल, सुटे पैसे, सततची उठबस यांवर त्याने किंवा तिने कपड्यातून काहीतरी तोड काढलेली असते. ती तोड घ्यायची. ती कशी शोधायची आणि शिंप्यापर्यंत कशी न्यायची, हे इथे पुण्याच्या महात्मा फुले मंडईच्या आधाराने सांगतो. मंडईच का, तर बघायची जागा आणि सामान मिळायची जागा तिथे पाच-दहा मिनिटांच्या चालण्यात येतात.

आधी जागा समजून घेऊ. मंडईची दगडी इमारत १८८६ची. मधोमध अष्टकोनी मनोरा आणि त्याच्याभोवती फाकलेले आठ पंख. मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ती ‘रे मार्केट’ होती. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्याच इमारतीला फुल्यांचं नाव मिळालं. वायव्येला तुळशीबाग. पेशवाईत नारो आप्पाजी तुळशीबागवाले यांनी बांधलेल्या राममंदिराच्या आसऱ्याने वाढलेला हा बाजार. उत्तरेला लक्ष्मी रस्ता, म्हणजे साड्या, मॅचिंग सेंटरं आणि सोन्याची दुकानं. पलीकडे रविवार पेठ, तिच्यात बोहरी आळी आणि कापडगंज. बुधवार पेठेतल्या एका विठोबाचं नावच पासोड्या विठोबा आहे, कारण त्याच्या देवळापाशी पासोड्या, म्हणजे जाड सुती पांघरुणं, विकायला असत असं सांगतात. या भागाचं कापडाशी नातं किती जुनं आहे ते त्यावरून कळावं. २०२४पासून मेट्रोचं मंडई स्थानक सुरू झालंय, त्यामुळे गाडी कुठे लावायची हा पुणेकराचा जन्माचा प्रश्न इथे तरी सुटला आहे.

बघायला सकाळी जा. गाळे लागत असतात, पोती उतरत असतात, पाणी मारलं जात असतं. या वेळी माणसं हालचालीत असतात आणि कपडा हालचालीतच कळतो. दुपारी सगळे बसलेले असतात, तेव्हा फक्त रंग दिसतात. वहीत तीन रकाने करा: काम काय, त्रास कशाचा, कपड्याने त्यावर काय केलं. चेहऱ्यांकडे नको, मनगट, कंबर, खांदा, डोकं आणि घोटा या पाच जागांकडे बघा. फोटो काढायचा तर विचारून काढा. गिऱ्हाईक समोर उभं असताना कॅमेरा पुढे करणाऱ्याला मंडईत जे ऐकावं लागतं ते छापण्यासारखं नसतं, आणि ते ऐकवणाऱ्यांची बाजू बरोबर असते.

आता या बघण्यातून काय हाती लागतं ते. सगळ्यात ठळक गोष्ट म्हणजे साडीवर घातलेला पुरुषी शर्ट. शेतात, बांधकामावर आणि भाजीच्या गाळ्यावर, महाराष्ट्रभर बायका हे करतात आणि कुणी त्याला फॅशन म्हणत नाही. नवऱ्याचा किंवा मुलाचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट, बहुतेकदा चौकड्यांचा किंवा फिकट निळा. कारणं मोजता येतात. पोलक्याच्या बाह्या आखूड, त्यामुळे हात उन्हात उघडे राहतात. शर्टाने ते झाकतात. मेथीच्या जुड्यांची माती, गवारीची खाज, सुरणाचा चीक बाह्यांवर थांबतो. कॉलरमुळे मानेला पिशवीचा बंद काचत नाही. पुढच्या खिशात नोटा आणि मोबाइल राहतो. संध्याकाळी शर्ट काढला की आतली साडी स्वच्छ, तशीच घरी किंवा देवळात जाता येतं. एका जुन्या शर्टाने पाच कामं केली. आयत्या दुकानांत वरून घालायचा शर्ट हा प्रकार अलीकडे खूप दिसतो, पण या सगळ्या कारणांसह तो क्वचितच येतो.

शर्ट घालायची पद्धतही बघण्यासारखी आहे. पदर शर्टाच्या आत असतो, खांद्यावरून घेऊन पुढे कमरेला खोचलेला. त्यामुळे शर्टाच्या उघड्या पुढच्या भागातून पदराची तिरकी रेघ दिसते आणि काठ नेमका कमरेपाशी संपतो. शर्ट कमरेखाली एक वीतभर येतो, त्याहून लांब नाही; लांब असला तर उकिडवं बसताना अडकतो. बाह्या मनगटाच्या वर दोन घड्या. हे सगळं जसंच्या तसं शहरी पेहरावात येतं, काहीही बदलावं लागत नाही. पदर शर्टावरून घेतला तर मात्र सगळं बिघडतं. तेव्हा शर्ट पोलक्याची जागा घेतो आणि वरचा थर म्हणून त्याचं कामच उरत नाही.

दुसरी गोष्ट कंबर. नऊवारीत पुढच्या निऱ्यांचा ओचा असतो आणि बाजूला कनवट. कनवटीला पैसे लावायचे, ओच्यात सुपारी, किल्ली, कधी घरी न्यायचे चार पेरू. पुरुषांकडे बंडी: आखूड, बिनकॉलरची, समोरून बटणांची, खाली दोन मोठे खिसे आणि आत एक चोरखिसा. कमरेला पानसुपारीची चंची. म्हणजे मंडईत प्रत्येकाच्या अंगावर पैसे ठेवायच्या किमान दोन जागा, एक उघडी आणि एक लपलेली. वरच्या खिशात सुटे, आतल्या खिशात नोटा. सुटे देताना सगळी कमाई गिऱ्हाइकासमोर येत नाही. बायकांच्या आयत्या कुडत्याला खिसा नसतो ही रड जुनीच आहे, आणि तिच्यावरचा उपाय इतकी वर्षं भाजीच्या गाळ्यावर बसलेला आहे.

डोक्याकडे बघा. ओझं वाहणारा माणूस पंचा किंवा जुनं फडकं पिळून त्याची गोल चुंबळ करतो आणि पाटीखाली ठेवतो. काम नसलं की तेच फडकं खांद्यावर, घाम पुसायला, नाहीतर डोक्याला गुंडाळलेलं. पावसाळ्यात पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसून खोळ करतात, ती डोक्यावरून पाठीवर येते. खोळीची बाह्यरेषा विलक्षण आहे: वर टोक, खांद्यावर रुंद, पाठीमागे सरळ उतरलेली. पावसाळी कोट शिवणाऱ्या कुणीतरी ती नीट अभ्यासावी. पण गोणपाट अंगाला लावू नका, ते टोचतं आणि त्याचे तंतू गळतात. तसा पोत हवा असेल तर दुसुती किंवा जाड खादी घ्या.

घोट्याबद्दल एकच वाक्य: मंडईत कुणाचाही कपडा जमिनीला टेकत नाही.

रंगांबाबत लोक घाई करतात. मंडई रंगीबेरंगी आहे म्हणून सगळे रंग एकदम घालतात. गाळ्यासमोर उभं राहून डोळे किंचित मिटून बघा. निम्म्याहून जास्त जागा मातकट असते: पोती, फळ्या, बटाटे, कांद्याची टरफलं, मागे इमारतीचा काळा दगड. मग हिरव्याच्या चार-पाच छटा. आणि लाल? टोमॅटोची एखादी रास, गाजरांचा एखादा ढीग. तेवढ्याशाच लालाने गाळा लांबून ओळखू येतो. पेहरावातही हेच प्रमाण ठेवा: मोठा कपडा मातकट किंवा काळसर, दुसरा हिरवा, आणि लाल फक्त काठात, बटणात किंवा कुंकवात. पिवळ्याला इथे वेगळी वागणूक द्यावी लागते. दसरा-दिवाळीच्या दिवसांत झेंडूच्या राशी लागतात तेव्हा तो बाकी सगळ्यांना दाबून टाकतो, म्हणून पिवळा घ्यायचा तर एकटाच घ्या.

हे रंग दुकानात मागताना मोबाइलवरचं चित्र दाखवण्यापेक्षा नाव सांगितलेलं बरं. मोबाइलचा पडदा रंग उजळ दाखवतो. मॅचिंग सेंटरच्या काउंटरमागच्या माणसाला वांगी, डाळिंबी, गाजरी, लिंबी, आमसुली, अंजिरी, पोपटी, वाटाणी, मोतिया ही नावं तोंडपाठ असतात, आणि त्यातही ‘आमसुलीत थोडा काळपट’ म्हटलं की तो वर न बघता नेमका गठ्ठा ओढतो. गठ्ठा समोर आला की दुकानाच्या दारात उजेडात न्या. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे निघतात, कारण दिव्याच्या प्रकाशात सगळे रंग सारख्या प्रमाणात नसतात. दुकानदार स्वतःच ‘बाहेर बघून या’ म्हणतात.

आता प्रत्यक्ष एक पेहराव उभा करू. इरकल साडी, वर शिवून घेतलेला मंडईचा शर्ट, हिरव्या बांगड्या, कोल्हापुरी. जीन्सवर किंवा परकरावर घालायचा असेल तरी शर्ट हाच राहील.

इरकलपासून सुरुवात करायचं कारण ती कामाची साडी आहे. उत्तर कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं इळकल हे तिचं गाव, पण महाराष्ट्राच्या बायकांनी ती पिढ्यान्पिढ्या नेसली आहे. अंग सुती किंवा सूत-रेशमाचं, काठ रुंद, पदर लाल आणि त्यात पांढरे पट्टे. तिची खासियत विणीत आहे. पदराचे उभे धागे वेगळे आणि अंगाचे वेगळे असतात, आणि मागावर ते फाश्यांत फासा घालून एकमेकांना जोडले जातात. म्हणून अंग काळं असलं तरी पदर अगदी स्वच्छ लाल येतो, मध्ये रंगांची सरमिसळ दिसत नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा की जुन्या इरकलचं काही शिवणार असाल तर त्या सांध्यावर कात्री चालवू नका. सांधा शिवणीत येऊ देऊ नका, तिथे ताण बसला की फासे सुटतात. अख्खी साडी नेसणार असाल तर हा प्रश्नच नाही. विकत घेताना ओल्या पांढऱ्या रुमालाचा कोपरा पदराच्या लालावर घासून बघा. रंग लागला तर पहिले काही धुणे वेगळे करा. काळ्या किंवा गडद हिरव्या अंगाची इरकल या पेहरावाला उत्तम. घरात आजीची मऊ झालेली असेल तर नवी घेऊच नका. बोहारणीला देऊन त्याबदल्यात स्टीलचं पातेलं घेण्याआधी कपाट एकदा उचकून बघा.

नेसताना घोट्याच्या वर चार बोटं ठेवा. त्यासाठी परकराची नाडी नेहमीपेक्षा किंचित वर बांधा आणि परकरही तेवढाच आखूड हवा, नाहीतर तो खालून डोकावतो. सहावारी साडेपाच मीटरच्या आसपास असते, नऊवारी आठ मीटरच्या वर. ज्यांना नऊवारीचा काष्टा घालता येतो त्यांनी तोच घालावा, पायांना त्याच्याइतकी मोकळीक दुसऱ्या कुठल्या नेसण्यात नाही. शिवलेली नऊवारी मात्र इथे कामाची नाही. तिच्यात ना ओचा खरा ना कनवट, आणि आपण नेमकं तेच घ्यायला निघालो आहोत.

शर्टाला कापड घेताना पहिला प्रश्न पन्ह्याचा. ४४ इंच पन्ह्याचं असेल तर मध्यम अंगाच्या बाईच्या पूर्ण बाह्यांच्या शर्टाला सव्वादोन मीटर लागतं, ५८ इंच पन्ह्याचं असेल तर पावणेदोन मीटर पुरतं. चौकडे असतील तर पाव मीटर जास्त घ्या, कारण बाजूच्या शिवणीवर आणि पुढच्या पट्टीवर चौकडे जुळवायला कापड सरकवावं लागतं. मोठे चौकडे घेऊ नका. बोटभर रुंदीचे बरे, इरकलच्या काठाशी त्यांचं भांडण होत नाही. सुती कापड कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करून मग शिंप्याला द्या. सुती कापड आटतं, आणि शिवल्यानंतर आटलं तर पहिली तक्रार बाहीची येते. खणाचा शर्ट हवा असं पुष्कळांना वाटतं. गुळेदगुड्डचा पारंपरिक खण चोळीपुरता विणलेला, पन्ह्याला लहान. त्याचा अख्खा शर्ट करायला जोड द्यावे लागतात. त्यापेक्षा खण फक्त कॉलरच्या आतल्या बाजूला आणि बाहीच्या घडीत लावा. बाही दुमडली की तेवढाच दिसतो, आणि तेवढाच दिसलेला बरा.

शिंप्याशी बोलणं हे या कामातलं सगळ्यात नाजूक प्रकरण. ‘जरा सैलसर’ असं सांगितलं तर प्रत्येक शिंपी आपापल्या मनातलं सैल शिवतो. त्यापेक्षा घरातल्या पुरुषाचा अंगाला बरा वाटणारा जुना शर्ट सोबत न्या आणि त्यातले फरक सांगा. खांदा तुमच्या खांद्यापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर उतरता. मुंढा खोल, म्हणजे आतल्या पोलक्याची बाही दाटत नाही आणि हात वर करताना शर्ट ओढला जात नाही. काखेत चौकोनी कळी लावून घेतली तर आणखी चांगलं. जुन्या बंड्यांना आणि कुडत्यांना ती असायचीच, आता वेळ वाचवायला वगळतात. लांबी कमरेच्या हाडाखाली एक वीत, बाजूला दहा सेंटीमीटरची चीर. बाहीचा कफ बिनताठर, आत कॅनव्हास नको, नाहीतर घडी बसत नाही.

मग खिसे, कारण सगळा शर्ट त्यांच्यासाठीच आहे. छातीवर एकच खिसा, डाव्या बाजूला, पण मोबाइल आडवा न होता उभा राहील इतका खोल. खाली बंडीसारखे दोन, त्यांचं तोंड किमान १६ सेंटीमीटर, म्हणजे मूठ आत जाऊन बाहेर येते. खिशाच्या वरच्या कोपऱ्यांना दुहेरी शिलाई आणि आतून कापडाचा तुकडा, ताण तिथेच येतो. आणि आतल्या बाजूला, डाव्या छातीच्या थोडं खाली, एक चोरखिसा, त्याला एक बटण. चोरखिशाला शर्टाचंच कापड वापरू नका, पॉपलिन वापरा. पातळ राहतो, बाहेरून उमटत नाही. शिंपी ‘कशाला एवढे’ म्हणेल. शिवायला लावा.

पहिल्यांदाच असा शर्ट शिवत असाल तर आधी मांजरपाटाचा एक कच्चा शर्ट शिवून घ्या. मांजरपाट स्वस्त असतं आणि लांब टाक्यांची शिलाई उसवायला सोपी. तो घालून तीन गोष्टी करा: उकिडवं बसा, वरच्या फळीवरून डबा काढा, खाली वाकून पिशवी उचला. बाजारातलं काम या तीन हालचालींत जवळजवळ सगळं येतं. जिथे ओढ जाणवेल तिथे पेन्सिलीने खूण करा आणि तो कच्चा शर्टच शिंप्याकडे न्या. तोंडी सांगण्यापेक्षा खूण त्याला चटकन कळते.

आतलं पोलकं साधं ठेवा. मॅचिंग सेंटरमधलं टू बाय टू रुबिया त्याला पुरे. टू बाय टू म्हणजे उभा आणि आडवा दोन्ही धागा दुपेडी, म्हणून ते पातळ असूनही टिकतं. ८० सेंटीमीटर ते एक मीटरमध्ये होतं. रंग साडीच्या अंगाशी जुळवू नका, काठातल्या सगळ्यात बारीक रेघेचा घ्या.

पुरुषांसाठी हाच विचार बंडीत उतरतो. दीड मीटर खादी किंवा दुसुती, काखेत कळी, खाली दोन खिसे, आत चोरखिसा. साध्या टी-शर्टावर किंवा बिनकॉलरच्या शर्टावर. खाली लेंगा घालणार असाल तर घोट्याच्या वर. खांद्यावर लाल काठाचा पंचा टाकायला हरकत नाही, पण मग त्याने घाम पुसायची तयारी ठेवा. गांधी टोपीबाबत माझं मत कडक आहे. ती ज्याच्या घरात वडील-आजोबांच्या डोक्यावर होती आणि ज्याला ती घालून मंडईतल्याच एखाद्या म्हाताऱ्यासमोर सहज उभं राहता येईल, त्याने घालावी. इतरांनी फोटोसाठी घालू नये.

दागिन्यांना फार वेळ देऊ नका. गाळ्यावरच्या बाईच्या अंगावर पोत, हिरव्या काचेच्या बांगड्या, कानात कुड्या, क्वचित नथ, एवढंच असतं; काम करताना लोंबणारं काही चालत नाही. तुळशीबागेत ठुशी आणि बोरमाळ शेकड्याने टांगलेल्या दिसतात, पण शर्टाच्या कॉलरशी त्यांची अडचण होते. गळ्यात हवंच असेल तर बारीक काळी पोत, ओवून देणाऱ्याकडून कॉलरच्या खाली येईल इतकी लांब करून घ्या. बांगड्या घेताना माप नीट सांगा. दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ ही मापं आतल्या व्यासाची असतात आणि दुसरा आकडा इंचाच्या सोळाव्या भागांचा: दोन-चार म्हणजे सव्वादोन इंच, दोन-आठ म्हणजे अडीच. घरातल्या चांगल्या बसणाऱ्या बांगडीचा आतला व्यास पट्टीने मोजून गेलात तर चार जोड फोडायची वेळ येत नाही. कासाराकडे बसून भरून घेतल्या तर तो हात दाबून बघतो आणि माप स्वतःच सांगतो. त्याच्यावर विश्वास ठेवावा. शर्टाची बाही दुमडल्यावर दिसतील इतक्याच, एका हातात सहा-आठ पुरेत.

पायात कोल्हापुरी. २०१९मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून. नवी चप्पल चावते. अंगठ्याच्या आणि वरच्या पट्ट्याला आतून तेल लावून आधी घरात घाला, मग बाहेर. पावसात मात्र घालू नका, चामडं पाणी पितं आणि तळ सुटतो. मंडईत पावसाळ्यात सगळे रबरी चपला घालतात आणि त्याही या पेहरावात शोभतात, कारण त्या खऱ्या आहेत. पिशवी कापडी किंवा रंगीत वायरची विणलेली. २०१८च्या प्लास्टिकबंदीनंतर कापडी पिशव्यांची चलती वाढली. ती पिशवी रिकामी लटकवू नका, तिच्यात काहीतरी असू द्या. रिकामी पिशवी लगेच नाटकी दिसते.

कोल्हापुरीवरून एक गोष्ट सांगायला हवी. जून २०२५मध्ये मिलानच्या पुरुषांच्या फॅशन सप्ताहात प्राडाने कोल्हापुरीसारख्याच चपला दाखवल्या आणि त्या कुठून आल्या याचा उल्लेख केला नाही. इथे ओरड झाली, मग कंपनीने मान्य केलं की प्रेरणा भारतीय हस्तकलेची होती. आपण छोटी माणसं आहोत, पण हिशेब तोच आहे. साडीवरच्या शर्टाचा पेहराव कुणी विचारला तर तो गाळ्यावरच्या आणि शेतातल्या बायकांचा आहे हे सांगायला जड जाऊ नये. समाजमाध्यमावर फोटो टाकताना तेच लिहावं. आणि सामान शक्यतो त्याच भागातून घ्यावं. शर्टाचं कापड, बटणं, अस्तर, बांगड्या, पिशवी यांतली एकही वस्तू अशी नाही की ती मंडईपासून दहा मिनिटांत मिळत नाही.

शेवटी वेळेचं. श्रावण सुरू झाला की दिवाळीपर्यंत शिंपी नवं काम घ्यायला तयार नसतात, आणि घेतलं तरी घाईत शिवतात. मग काखेतली कळी पहिली गायब होते. अनंत चतुर्दशीला विसर्जन मिरवणूक मंडईतल्या टिळकांच्या पुतळ्यापासूनच निघते आणि लक्ष्मी रस्त्याने जाते, त्यामुळे तो दिवस आणि दुसरा दिवस खरेदीच्या कामाचे नाहीत. तेव्हा कापड जूनमध्ये घ्या, भिजवून ठेवा, आणि आषाढ संपायच्या आत शिंप्याच्या हातात द्या.